दिघोरीहून पचमढी : तीन पिढ्यांची एक जंगलसहल

गेल्या वर्षी, रोवणीच्या दिवसांत, एका रविवारी सकाळी माझ्या थोरल्या बहिणीचा अमेरिकेतून व्हिडिओ कॉल आला. ह्यूस्टनला मुलाकडे गेलेली एकसष्ट वर्षांची ताई मुला-सुनेबरोबर मध्य अमेरिकेतील बेलीझ या चिमुकल्या देशात आठवडाभराची सुटी घालवून आली होती. तिने पाठवलेले चित्रण आम्ही सारे घरच्या ओसरीवर बसून पाहिले. घनदाट पावसाळी जंगल, त्यातून अर्धा-पाऊण तास पायी चालत जाणारी माणसे, आणि मग एका गुहेच्या मुखाशी थांबलेली हिरवट पाण्याची नदी. डोक्यावर दिवा लावलेले शिरस्त्राण, अंगात जीवरक्षक जाकीट, आणि मोठ्या रबरी ट्यूबमध्ये पाय पसरून बसलेली आमची ताई त्या काळोखात हळूहळू वाहत चालली होती. पुढच्या चित्रणात तिचा मुलगा दोन उंच झाडांच्या मधल्या तारेवरून सरसर घसरत जाताना दिसत होता.

माझी एकोणऐंशी वर्षांची आई चष्मा सावरून बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "अगा बाप्पा, हे तं नागद्वारच होय. तुहे बाबा असेच दिवे घेऊन शिरत होते मने गुहेत."

भंडारा जिल्ह्यातील जुन्या वाचकांना नागद्वार सांगायला नको. सातपुड्यातील पचमढीच्या जंगलात नागपंचमीच्या आधी दहा-बारा दिवस ही यात्रा भरते. एरवी तो भाग व्याघ्रप्रकल्पात असल्याने बंद असतो. भर पावसात, निसरड्या डोंगरवाटांनी, ओढे ओलांडत आणि गुहांमध्ये वाकून शिरत विदर्भातील हजारो माणसे पिढ्यान् पिढ्या ही वाट चालत आली आहेत. माझे वडील अकरा वेळा गेले. आई एकदाही गेली नाही. ते दिवस रोवणीचे. चिखलात बाया लावायच्या, त्यांची भाकर पोहोचवायची, आजारी सासूचे करायचे. हे सारे टाकून तिला निघता आले नाही. वडिलांना जाऊन आता नऊ वर्षे झाली.

"मला बी एकदा पाहाचा होता तो महादेव," एवढेच ती बोलली आणि उठून आत गेली.

मी दिघोरीत अठ्ठावीस वर्षे दवाखाना चालवतो. या काळात आईच्या गुडघ्यांबद्दल, रक्तदाबाबद्दल, मोतीबिंदूबद्दल मी शेकडो प्रश्न तिला विचारले असतील. तिला कुठे जावेसे वाटते, हे मात्र कधी विचारले नव्हते.

गुहेतील नदी आपल्याकडे का नाही?

बेलीझचे नाव आपल्याकडे फारसे ऐकू येत नाही. १९८१मध्ये ब्रिटिशांपासून स्वतंत्र झालेला हा देश पूर्वी ब्रिटिश होंडुरास म्हणून ओळखला जाई. तेथील डोंगर चुनखडीचे आहेत. पावसाचे किंचित आम्लधर्मी पाणी हजारो वर्षे चुनखडी विरघळवत राहते, त्यातून भुयारे तयार होतात आणि नद्या त्या भुयारांतून वाहू लागतात. केव्ह्ज ब्रँच ही त्यांपैकीच एक नदी. तेथील प्राचीन माया लोक गुहांना पाताळाचे दार मानीत आणि पूजाविधीसाठी आत जात. आईला नागद्वार आठवले, ते काही अगदीच उगाच नव्हे.

महाराष्ट्राचा बराचसा भाग काळ्या कातळाचा, म्हणजे बेसॉल्टचा आहे. तो पाण्यात विरघळत नाही. म्हणून आपल्याकडे वेरूळ-अजिंठ्यासारखी माणसाने कोरलेली लेणी आहेत. पण नदी वाहते अशी भुयारे नाहीत. पचमढीचा दगड वालुकाश्म. त्यातील गुहा प्रामुख्याने भेगा रुंदावून झालेल्या आहेत. त्यांत पाणी झिरपते, नदी वाहत नाही.

तारेवरून घसरण्याचा खेळ मात्र आता सर्वत्र पोहोचला आहे. हिमालयात दोराला टांगून नदी ओलांडण्याची रीत जुनीच. कोस्टारिकाच्या वर्षावनात १९७०च्या दशकात जीवशास्त्रज्ञ उंच झाडांच्या शेंड्यांवरील जीवसृष्टी अभ्यासण्यासाठी दोरांच्या साहाय्याने वर फिरू लागले, आणि पुढे त्यातून पर्यटनाचा व्यवसाय उभा राहिला. आज आपल्या कोकणात कोलाडजवळ कुंडलिका नदीवरूनही अशी तार ओलांडता येते. महाराष्ट्र शासनाने २०२१मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आणून अशा आयोजकांना नोंदणी बंधनकारक केली आहे. पैसे भरण्यापूर्वी नोंदणीचा कागद मागून पाहावा. मागण्यात संकोच नसावा.

ताईने बेलीझला जाण्यापूर्वी मला फोन केला होता. तिच्या हाडांची घनता कमी आहे. तिला मी स्पष्ट सांगितले, की ट्यूबवर बसायला हरकत नाही, पण पोहता येत नसल्याने जाकीट क्षणभरही काढायचे नाही, आणि वरच्या भागात पाऊस झाला असेल तर पाण्यात उतरायचेच नाही. तारेवर मात्र जायचे नाही, कारण शेवटी थांबताना बसणारा हिसका ठिसूळ मणक्यांना सोसत नाही. तिने तिन्ही गोष्टी पाळल्या.

आपल्या गावांतही उन्हाळ्यात मुले ट्रॅक्टरच्या ट्यूबवर मामा तलावात आणि कालव्यात तरंगतात. ट्यूब हातून निसटते, पंक्चर होते, उलटते. ती जीवरक्षक जाकिटाची जागा घेऊ शकत नाही, हे घरातील आजी-आजोबांनी नातवंडांना सांगून ठेवावे.

निघण्यापूर्वीची परीक्षा

धानाची कापणी-मळणी आटोपल्यावर, डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही पचमढीला जायचे ठरवले. आई, मी, पत्नी आणि चोवीस वर्षांची लेक. नागद्वारची वाट त्या दिवसांत बंद असते, हे आईला आधीच सांगितले. बडा महादेव, गुप्त महादेव आणि जमले तर जटाशंकर, एवढे पाहू. चौरागडच्या सुमारे १३०० पायऱ्या तिच्यासाठी नाहीत, हेही सांगितले. तिने मान डोलावली. वयस्कर माणसांना काय जमणार नाही, हे आधी आणि नीट सांगितले तर ती समजून घेतात. ऐन वेळी सर्वांसमोर अडवले, तर मात्र त्यांचा अपमान होतो.

आईची तयारी तपासण्यासाठी मी दोन साध्या परीक्षा घेतल्या. त्या कोणालाही घरी घेता येतील. पहिली अशी : हातांच्या खुर्चीत बसलेल्या माणसाने उठावे, नेहमीच्या चालीने ३ मीटर चालावे, वळावे, परत येऊन बसावे. याला १२ सेकंद किंवा अधिक लागले, तर पडण्याचा धोका वाढलेला समजावा. आईला १४ सेकंद लागले. म्हणजे काठी हवी, सोबत हात हवा, आणि लांब पायऱ्या नकोत. तेव्हाच मी मनातून जटाशंकर वगळले. दुसरी परीक्षा दमाची : दोन मजल्यांचे जिने न थांबता, छातीत न दुखता चढता येतात का? ज्यांना येत नाहीत, त्यांनी डोंगरचढाईचा बेत डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

पायऱ्यांबाबत एक नियम पक्का लक्षात ठेवावा. चढताना आधी बरा पाय, उतरताना आधी दुखरा पाय. काठी नेहमी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरावी. बहुतेक जण ती दुखऱ्याच बाजूला धरतात आणि मग काठीचा उपयोग होत नाही म्हणून सोडून देतात.

औषधांची पिशवी हातातल्या सामानात ठेवावी. गाडीच्या टपावर नव्हे. मुक्कामाच्या दिवसांपेक्षा चार दिवसांच्या गोळ्या जास्त घ्याव्यात. मधुमेहाची गोळी घेतली आणि घाटात जेवण लांबले, तर साखर एकाएकी उतरते. म्हणून खिशात साखर किंवा ग्लुकोज हवेच. मधुमेहींनी देवळात अनवाणी चालताना विशेष जपावे. पायांची संवेदना कमी झालेली असेल, तर खडा रुतलेला कळत नाही. मोजे घालावेत आणि रात्री तळवे उजेडात तपासावेत.

आमच्या भागात सिकलसेलची कुटुंबे बरीच आहेत. ज्यांना हा आजार आहे, त्यांच्यासाठी जंगलसहलीत सगळ्यात घातक गोष्टी तीन : कमी पाणी पिणे, अति थकवा आणि थंडगार पाण्यात डुंबणे. यांपैकी कशानेही वेदनेचा झटका येऊ शकतो. त्यांनी धबधब्याखाली उभे राहण्याचा मोह टाळावा आणि पाण्याची बाटली सोडू नये.

घाटाची वाट

दिघोरीहून साकोली, भंडारा, नागपूर, मग सौंसर, छिंदवाडा आणि तामियामार्गे मटकुलीचा फाटा. सुमारे साडेतीनशे किलोमीटरचा हा प्रवास आम्ही छिंदवाड्याला मुक्काम करून दोन दिवसांत केला. तरुणांना हे हास्यास्पद वाटेल. पण वयस्कर माणसाला सात-आठ तास सलग गाडीत बसवले, तर पाय सुजतात, रक्त पायांत साचून गुठळी होण्याचा धोका वाढतो. शिवाय लघवीला वारंवार थांबावे लागू नये म्हणून ही माणसे गुपचूप पाणी पिणेच बंद करतात. आम्ही दर दीड तासाला थांबलो. आईने दर वेळी खाली उतरून चार पावले टाकली.

घाटात उलटी होऊ नये म्हणून अनेक जण दुकानातून गोळी घेऊन आजी-आजोबांना देतात. या गोळ्यांनी वृद्धांना फार गुंगी येते, कधी बुद्धिभ्रम होतो, तोल जातो. आणि प्रोस्टेटचा त्रास असलेल्या पुरुषांची लघवी अडू शकते. त्यांना पुढच्या आसनावर बसवावे, नजर दूर रस्त्यावर ठेवायला सांगावे, पोट अगदी रिकामे किंवा अगदी भरलेले नसावे. बहुतेकांचे एवढ्यावर भागते.

तामियाच्या पुढे साग मागे पडत जातो आणि डोंगर मोठे होतात. पचमढी समुद्रसपाटीपासून हजार मीटरांहून थोडी अधिक उंचीवर आहे. इंग्रज अधिकारी जेम्स फॉरसिथ याच्या नावाशी हिचा अर्वाचीन इतिहास जोडलेला असला, तरी महादेवाचे यात्रेकरू त्याच्या कितीतरी आधीपासून ही वाट तुडवीत होते. आई खिडकीची काच खाली करून बाहेर पाहत होती. वडील यायचे तेव्हा ही वाट कशी असेल, त्यांनी कुठे चूल मांडली असेल, असे काहीबाही ती स्वतःशीच बोलत होती.

पट्टा माझ्या दंडावर

दुसऱ्या दिवशी सकाळी कडाक्याची थंडी होती. रक्तदाबमापक मी सोबत नेला होता. आईला पाच मिनिटे शांत बसवले, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीवर. तिचा दाब १३८/७६ भरला. मी समाधानाने पट्टा गुंडाळू लागलो.

"आता तुहा पाह्य, बाबू," आई म्हणाली.

मी हसून टाळले. पत्नीने मात्र माझ्या हातातून यंत्र घेतले आणि पट्टा माझ्या दंडाला बांधला. पडद्यावर आकडे उमटले : १७२/१०४. यंत्र बिघडले असेल, मी म्हणालो. नुकताच चहा घेतला आहे, थंडी आहे, काल दिवसभर गाडी चालवली आहे. रुग्णांकडून अठ्ठावीस वर्षे ऐकलेली सारी कारणे मी एका दमात सांगितली. अर्ध्या तासाने, लघवीला जाऊन येऊन, पाच मिनिटे गप्प बसून पुन्हा मोजले. १६८/१०२. दोन मिनिटांनी आणखी एकदा. तेवढाच.

माझे वय छप्पन्न. शेवटचा रक्तदाब कधी मोजला होता, ते आठवेना. दोन वर्षे तरी झाली असावीत. कंबर दुखते म्हणून गेले तीन आठवडे मी रोज वेदनाशामक गोळी घेत होतो. या गोळ्या रक्तदाब वाढवतात आणि मूत्रपिंडाला त्रास देतात, हे मी रोज चार जणांना सांगतो. आईच्या औषधांच्या वेळा मला तोंडपाठ आहेत. स्वतःच्या शरीराची मात्र मी एका शब्दानेही विचारपूस केली नव्हती.

डोके दुखणे, छातीत दुखणे, धाप, दृष्टी धूसर होणे, बोलणे अडखळणे यांपैकी मला काहीच नव्हते. तसे काही असते आणि दाब १८०/१२०च्या वर गेला असता, तर सहल सोडून तत्काळ रुग्णालय गाठावे लागले असते. मध्य प्रदेशातही आपल्यासारखीच १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे, हे ध्यानात असावे. मी वेदनाशामक गोळी त्या क्षणी बंद केली. भंडाऱ्यातील एका हृदयरोगतज्ज्ञ मित्राला फोन लावला. त्याने सांगितलेले औषध पचमढीच्या बाजारातून आणले आणि सुरू केले. स्वतःवर स्वतःच उपचार करण्याचा मोह डॉक्टरांना फार असतो. त्या दिवशी तो टाळला, एवढे शहाणपण मात्र सुचले.

तारेवर कोण, बाकावर कोण

त्या दिवशी दुपारी लेकीला झिपलाइन करायची होती, आणि खरे सांगायचे तर मलाही. भाच्याचे चित्रण पाहिल्यापासून माझ्या मनात ते होते. तिकीटखिडकीवर एक अर्ज मिळाला. त्यात रांगेने प्रश्न : हृदयरोग आहे का? उच्च रक्तदाब? अलीकडे शस्त्रक्रिया? मणक्याचा आजार? फिट? गरोदरपण? लेकीने सर्वत्र "नाही" लिहून सही केली. मी पेन हातात धरून थांबलो.

आदल्या दिवशी हा अर्ज माझ्यापुढे आला असता, तर मीही डोळे झाकून "नाही" लिहिले असते. ते खोटे ठरले असते आणि मला ते कळलेही नसते.

तारेवर शरीरात काय घडते, ते समजून घेण्याजोगे आहे. उंच मचाणावर उभे राहताच भीतीने अॅड्रिनॅलिन स्रवते. काही सेकंदांत नाडी आणि रक्तदाब दोन्ही झपाट्याने वाढतात. निरोगी तरुणाला त्यातच गंमत वाटते. ज्याचा दाब आधीच १७०च्या घरात आहे, ज्याच्या हृदयाच्या धमन्या अरुंद झालेल्या आहेत किंवा ज्याच्या डोळ्याच्या पडद्यावर मधुमेहाचे परिणाम झालेले आहेत, त्याला मात्र ही वाढ महागात पडू शकते. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांना डोक्याला साधा मार लागला, तरी आत रक्तस्राव होऊ शकतो. तार मध्येच अडकून माणूस पट्ट्यांत निश्चल लटकून राहिला, तर रक्त पायांत साचून त्याला भोवळ येते. अशा वेळी पाय हलवत राहावेत. वजनाच्या किमान आणि कमाल मर्यादा असतात. त्या लपवू नयेत.

तरुण मुलांना पाठवणाऱ्यांनीही काही गोष्टी डोळ्यांनी पाहाव्यात. मुख्य तारेशिवाय सुरक्षेची दुसरी जोडणी आहे का, शिरस्त्राण तडकलेले नाही ना, उतरण्याच्या जागी थांबवणारा माणूस उभा आहे का, पट्टे बांधल्यावर दुसरा कोणी ते तपासतो का. आभाळात वीज चमकत असेल किंवा वारा सुटला असेल, तर पैसे गेले तरी चालतील. पण जाऊ नये.

लेकीचे पट्टे मी स्वतः ओढून पाहिले. ती गेली. झाडांच्या शेंड्यांवरून तिचा आवाज दूर जात मावळला आणि पलीकडे एक लहानसा हात हलला. मी आणि आई बाकावर बसलो होतो. मला थोडे ओशाळल्यासारखे झाले होते. आईने पदराच्या गाठीतून शेंगदाण्याची चिक्की काढली, माझ्या हातावर तुकडा ठेवला आणि मग काहीतरी आठवून तो अर्धा परत घेतला.

"गोळ्या सुरू झाल्या ना तुह्या," ती म्हणाली.

रक्तदाबात पथ्य मिठाचे, चिक्कीचे नव्हे; पण माझे पोट पाहता तिचे चूक नव्हते.

महादेवाच्या गुहेत

बडा महादेवची गुहा तिसऱ्या दिवशी सकाळी पाहिली. सुटीचा वार टाळला होता, त्यामुळे गर्दी नव्हती. गाडी बरीच जवळ जाते आणि पुढची वाट थोडकी, सपाट आहे. गुहा प्रशस्त आहे. छतातून बाराही महिने पाणी ठिबकत असते. उन्हातून एकाएकी काळोखात गेल्यावर वृद्ध डोळ्यांना सरावायला तरुणांपेक्षा बराच जास्त वेळ लागतो. म्हणून तोंडाशीच दोन-तीन मिनिटे थांबावे, मग पाऊल टाकावे. आम्ही थांबलो. ओल्या फरशीवर आईच्या पायांत रबरी ठिपक्यांचे मोजे होते, एका हातात काठी होती आणि दुसरा हात नातीच्या हातात होता.

वरून पाण्याचा एक थेंब तिच्या कपाळावर पडला. तिने तो पुसला नाही. हात जोडून बराच वेळ उभी राहिली. मी तिचा श्वास मोजत होतो. ही डॉक्टरची खोड सुटत नाही. तो संथ होता.

गुप्त महादेव तेथून जवळच. ती मात्र नावाप्रमाणेच कातळातली चिंचोळी फट. एका वेळी एकेकाने, अंग आडवे करून सरकत जायचे. आत मोजकीच माणसे मावतात. ज्यांना बंद जागेची भीती वाटते, दम्याचा किंवा हृदयाचा त्रास आहे, त्यांनी येथे हट्ट करू नये. गर्दीच्या दिवशी तर कोणत्याच वृद्धाने करू नये, कारण आत गुदमरले तर पटकन मागे फिरता येत नाही. मी आईला फटीच्या तोंडाशी नेऊन सारे समजावले. आत जाऊन यायला किती वेळ लागतो ते मोजून सांगितले. निर्णय तिच्यावर सोडला.

तिने काठी माझ्या हातात दिली. दोन्ही बाजूंना कातळ असल्याने हातांना आधार होता. पुढे लेक, मागे पत्नी, मध्ये माझी बेचाळीस किलोंची आई. डोक्यावर दिवा बांधून ती आडवी झाली आणि सहज सरकत आत गेली. ती बाहेर आल्यावर मी शिरलो, तर शर्टाची दोन बटणे कातळाला घासली आणि पोट आत ओढून धरावे लागले. आपल्याकडच्या पुरुषांत कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या वर आणि स्त्रियांत ८०च्या वर गेला, की मधुमेह व हृदयविकाराचा धोका वाढलेला समजतात. माझे मोजमाप त्या दिवशी महादेवाने घेतले.

बाहेर एका खडकावर बसून आई म्हणाली, "तुहे बाबा सांगत, तेवढी काही अवघड नाही ये गुहा. तुहे बाबा वाढवून सांगत होते."

वडील नागद्वारची गोष्ट सांगत, गुप्त महादेवाची नव्हे. पण मी तिला दुरुस्त केले नाही. ती हसत होती. मग हसता हसता तिने डोळ्यांना पदर लावला. आम्ही तिघेही काही न बोलता तिच्याजवळ बसून राहिलो.

गुहांविषयी आणखी दोन इशारे. वटवाघळांच्या विष्ठेच्या धुळीतून एक बुरशी फुप्फुसांत जाऊ शकते. ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांमुळे वा आजाराने कमी झालेली आहे, त्यांनी वटवाघळांच्या कोरड्या, धुळीच्या गुहांत जाऊ नये. आणि कड्यांवर आग्या मोहोळे असतात; तेथे धूर करू नये, उग्र अत्तर लावून जाऊ नये, मुलांना दगड मारू देऊ नयेत.

परत आल्यावर

जंगलातून आल्यावर प्रकृतीवर तीन आठवडे लक्ष ठेवावे. गवतातल्या बारीक किड्यांच्या चाव्याने होणारा स्क्रब टायफस आता विदर्भाला अपरिचित नाही. २०१८मध्ये नागपूर भागात त्याची साथ येऊन गेली. ताप, डोकेदुखी, अंगदुखी आणि काखेत, जांघेत किंवा कमरेशी दडलेली लहानशी काळी खपली, ही त्याची खूण. खपली दुखत नाही, म्हणून रुग्णाला कळत नाही. घरच्यांनी ती शोधावी. साचलेल्या पाण्यात पाय घातला असेल, तर लेप्टोस्पायरोसिसही ध्यानात घ्यावा लागतो. दोन्ही आजारांवर वेळीच दिलेली औषधे चांगली लागू पडतात. म्हणून ताप आला तर डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगावे : आम्ही जंगलात जाऊन आलो आहोत. आम्ही चौघेही सुखरूप राहिलो.

माझी मात्र तपासणी झाली. हृदयाचा आलेख, मूत्रपिंडाची तपासणी, साखर, चरबी, डोळ्यांचे पडदे. हृदयाचा डावा कप्पा किंचित जाड झालेला निघाला. म्हणजे हा रक्तदाब पचमढीच्या थंडीचा नव्हता. काही वर्षांचा होता. आज चार महिन्यांनी तो १३२/८४ आहे. एक गोळी, जेवणात कमी मीठ, पहाटे तलावाच्या पाळीवरून पाऊण तास चालणे, आणि कमरेच्या दुखण्यासाठी गोळीऐवजी व्यायाम. वजन साडेचार किलोंनी उतरले आहे.

दर सोमवारी सकाळी आई तिच्या खाटेवर बसून दंड पुढे करते. तिचा आकडा वहीत लिहून झाला, की ती पट्टा सोडून माझ्या हातात देत नाही. स्वतःच माझ्या दंडाला गुंडाळू पाहते. तो तिला नीट बांधता येत नाही, नळी उलटीकडे येते. मी तो सरळ करतो आणि पाच मिनिटे तिच्या शेजारी गप्प बसतो. वहीत आता दोन रकाने आहेत.

या अंकाच्या वाचकांत आई-वडिलांचे, सासू-सासऱ्यांचे करणारी माझ्या वयाची माणसे पुष्कळ असतील. या आठवड्यात घरातील वडीलधाऱ्यांचा रक्तदाब मोजून झाला, की तोच पट्टा एकदा स्वतःच्या दंडावर बांधावा. आणि ते पाच मिनिटांचे शांत बसणे वाया घालवू नये. त्यांना कुठे जायचे राहून गेले आहे, ते तेवढ्यात विचारून घ्यावे.